टेकू नसलेलं छत

साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याजोगी माझी कंबर सध्या नाही, आणि ज्या खोलीत बसून हे लिहितोय तिथली फरशी एका बाजूला उतरती आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समजा.) तुमचे गुडघे, ताईंची सर्दी आणि तुमचा तो नेहमीचा उत्साह, सगळं जिथल्या तिथे असेल अशी आशा करतो. त्यातला उत्साह थोडा कमी झाला असेल तर मला वाईट वाटणार नाही. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत असं पुढे लिहायची रीत आहे, पण मी आजवर खोटा अहवाल दिलेला नाही, म्हणून जे आहे ते लिहितो. मी सुखरूप आहे. ही सकाळी वाट दाखवणाऱ्या टॉर्चवाल्या बाईबरोबर खालच्या गुहेत गेली आहे, जिथे पोटावर सरपटत जावं लागतं म्हणे, आणि ऊन खिडकीतून पलंगाच्या पायापर्यंत येईतो परत येते असं सांगून गेली आहे. ऊन पलंगाच्या पायाशी येऊन बसलंय. ही आलेली नाही. नुसतं बसवेना म्हणून पत्र लिहायला घेतलं. अक्षर सांभाळून घ्या.

ही जागा तुम्ही सुचवलीत, हे मी विसरलेलो नाही. तुमच्याकडे जेवणं झाल्यावर तुम्ही फोटो काढून बसलात: पोटात चुनखडीच्या गुहा असलेला डोंगर, माथ्यावर जुनं देऊळ, आणि गुहेच्या आतूनच देवळाकडे निघणारी वाट. मी शेवटपर्यंत दुरून डोंगर साजरे म्हणत होतो आणि ही प्रत्येक फोटो हातात घेऊन दिव्याखाली नेऊन बघत होती, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. तुमचं ठीक आहे. तुम्ही दाताचे डॉक्टर, कपाळाला दिवा बांधून ओल्या काळोख्या पोकळीत डोकावण्यात तुमचा जन्म गेला, तुम्हाला गुहेचं काय कौतुक. (भीती वाटायची ती खुर्चीतल्याला.) मी नगरपालिकेचा धोकादायक इमारत तपासनीस. भिंतीवर बोटाची पेरं आपटून ती भरीव की पोकळ हे सांगण्यात माझी नोकरी झाली, ऑफिसात मला टकटकराव म्हणायचे, आणि निवृत्तीनंतरही कुणाच्या घरी गेलो तर पाण्याआधी माझी नजर छताकडे जाते. जित्याची खोड. माझा एवढ्या वर्षांचा अनुभव असा आहे की छत हे पडण्यासाठीच असतं, काही छतं त्याला वेळ लावतात इतकंच. असा माणूस एका डोंगराच्या पोटात धाडताना तुम्ही दोनदा विचार करायला हवा होता.

आता मुद्द्याचं. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता ही माझ्याकडे न बघता एक वाक्य बोलली. म्हणाली, या वेळी देवळापर्यंत जायचं. अर्ध्यातून परत फिरलो तर यापुढे मी ताई-भाऊजींबरोबर हिंडेन, तुम्ही घरी बसून आपलं छत बघा. आवाज चढवला नाही, भांडण काढलं नाही, मोज्यांच्या गुंडाळ्या करता करता सांगितलं, म्हणून माझ्या काळजात धस्स झालं. आमच्या सहलींबद्दल तुमच्याकडे काय काय बोललं जातं त्याची मला कल्पना आहे. दीपगृह आम्ही पहिल्या वळणापर्यंत पाहिलं, कारण पुढचे कठडे गंजलेले होते. धबधब्याचा आवाज येईल तिथपर्यंत गेलो, कारण पुढे झुलता पूल होता. त्या उंच मनोऱ्याच्या तळाशी आम्ही दोघांनी उभं राहून छान फोटो काढून घेतला. या प्रत्येक माघारीला तांत्रिक कारण आहे आणि ते मी आजही कुणाही इंजिनियरपुढे मांडू शकतो. पण ही घरी तुमच्यासारखे फोटो लावते भिंतीवर, आणि आमचे सगळे फोटो खालून काढलेले आहेत. तेव्हा या खेपेला माझं काय पणाला लागलं होतं ते तुमच्या ध्यानात येईल. डोंगर पडला असता तर एकदाच पडला असता. ही माझ्याशिवाय हिंडायला शिकली तर मला रोज घरात बसून राहावं लागेल.

(आत्ता पायऱ्यांवर पावलं वाजली. उठून बघितलं. पुजारी होता, बादली घेऊन गेला.)

गुहेच्या तोंडाशी आम्ही मोजकीच माणसं होतो. एक निवृत्त जोडपं, जे कॅमेरा कुणी धरायचा यावर आल्यापासून कुरकुरत होतं, आम्ही दोघं, आणि वाट दाखवायला एक तरुण बाई. तिच्या हातात कोपराएवढा टॉर्च, तोंडात बडीशेप, आणि बोलणं सगळं पाठ केलेलं. कुणी मधेच काही विचारलं की ती वाक्याच्या आरंभापासून पुन्हा सुरू करायची. मी तिला इतकंच विचारलं की या छताची शेवटची तपासणी कोणी आणि कधी केली. तिने माझ्याकडे बघितलं, बडीशेप गिळली आणि म्हणाली, "ही गुहा निसर्गाने बनवलेली आहे काका." म्हणजे नकाशा नाही, परवानगी नाही, कंत्राटदार फरार. मी हिच्याकडे बघितलं. ही आधीच आत वाकून शिरली होती, आणि तिची पाठ मला त्या अंधारात लहान लहान होत जाताना दिसली. मग माझ्याकडे दुसरा मार्गच उरला नाही. जीव मुठीत धरून, दुसऱ्या मुठीत भिंत धरून, मी तिच्या मागोमाग गेलो.

आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर वाट अरुंद होते आणि छत डोक्याला लागेल इतकं खाली येतं. नेमकी तिथेच मला भेग दिसली. करंगळी जाईल एवढी, तिरपी, एका भिंतीवरून निघून छतावर चढलेली. आता भेगेची गोष्ट अशी असते की ती दिसली म्हणजे घाबरायचं नसतं. ती वाढतेय का हे बघायचं असतं. त्यासाठी आमच्या खात्याची साधी रीत आहे. भेगेच्या दोन्ही काठांना प्लास्टरचा एकेक गोळा लावायचा आणि त्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते, कारण काचेला भीडभाड नसते. या पट्ट्या आणि प्लास्टरची पुडी मी अजूनही कोटाच्या आतल्या खिशात बाळगतो. (तुमच्या धाकट्याच्या लग्नात हॉलच्या तुळईवर एक लावली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. ती शाबूत राहिली.) मी थांबलो, बाटलीतल्या पाण्यात प्लास्टर कालवलं, आणि काच लावली. निवृत्त जोडप्याला वाटलं हा इथला काही विधी असावा. त्यांनी आदराने वाट बघितली. हिने कपाळाला हात लावला. परत येताना काच अखंड दिसली की मला निश्चिंत बाहेर पडता येईल, असा माझा हिशेब होता, आणि निश्चिंत झाल्यावर कदाचित मी देवळाचाही विचार केला असता. कदाचित म्हणतोय.

पुढे ते मोठं दालन लागलं, ज्याच्या फोटोवरून तुम्ही एवढं सांगत होतात. मी त्याचं वर्णन करू शकत नाही, कारण मी फक्त वर बघत होतो. छताला जिकडे तिकडे दगडाचे सुळे लोंबत होते आणि प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा थेंब. टॉर्चवाली बाई दाखवत होती, हा बघा हत्ती, हे सिंहासन, ही मुलाला कडेवर घेतलेली आई, आणि निवृत्त बाई हत्तीची सोंड कुठली यावरून नवऱ्याशी वाद घालत होत्या. मला हत्ती दिसला नाही. मला गळती दिसली. बाई अभिमानाने म्हणाली की हे पाणी इथे लाखो वर्षं ठिबकतंय. साडूभाऊ, लाखो वर्षं गळती आणि एक तक्रार नाही. आमच्या खात्यात एखादं छत वर्षभर गळलं तरी मी भाडेकरूंना सामानासकट रस्त्यावर आणत असे. आणि एवढ्या मोठ्या दालनात एक तुळई नाही, कमान नाही, मधोमध काही नाही, सगळा डोंगर वर नुसता राहिलेला आहे. कशाच्या जोरावर राहिलाय ते त्यालाच ठाऊक, आणि त्याच्या लक्षात आलं तर काय, या विचाराने माझ्या तळव्यांना घाम सुटला.

एवढ्यात मला कडेला, जिथे छत बरंच खाली उतरलं होतं, तिथे एक खांब दिसला. चांगला कवेत मावेल असा, खालून वर गेलेला, पांढराफटक. दालनातला एकमेव टेकू. मी कुणाला काही न सांगता त्याच्याकडे सरकलो आणि त्याला बिलगून उभा राहिलो. सगळं कोसळलं तरी खांबापाशी थोडी पोकळी राहते, हे मी पडलेल्या घरांत पाहिलेलं आहे. दगड गारठलेला होता पण जिवाला बरं वाटलं. हिने लांबून खूण केली, इकडे या, हत्ती बघा. मी खुणेनेच सांगितलं, इथून छान दिसतोय. आणि त्याच क्षणी टॉर्चवाली बाई तिच्या पाठांतरातल्या त्या भागाशी पोचली, ज्याबद्दल तुम्ही मला अवाक्षराने सावध केलं नव्हतंत. ती म्हणाली, "आता आपण खरा अंधार बघू या," आणि तिने टॉर्चसकट दालनातले सगळे दिवे घालवले.

मला वाटायचं अंधार मला माहीत आहे. वीज गेल्यावर होतो तो अंधार नव्हे हो, त्यात खिडकीची कड तरी दिसते. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेत हे कळेना, म्हणून मी पापणीला बोट लावून पाहिलं. ठिबकणारं पाणी एकदम मोठ्याने ऐकू यायला लागलं, जणू इतका वेळ ते आमच्यासाठी दबक्या आवाजात पडत होतं. माझी पाचावर धारण बसली. मी खांबाला आणखी घट्ट मिठी मारली, आणि आधाराला हात वर वर सरकवत गेलो, की जिथे तो छताला मिळतो तो सांधा एकदा चाचपावा. हात वर गेला. खांब संपला. छत सुरू व्हायच्या आधी माझी बोटं आडवी आत गेली. साडूभाऊ, तो खांब छताला टेकलेलाच नव्हता. बोटभर फट होती आणि फटीतून थंड वारा येत होता. मी ज्याच्या भरवशावर उभा होतो तो कशालाच धरून नव्हता.  आणि त्या काळोखात, थोड्या अंतरावरून, मला हिचा आवाज आला. कुणाला उद्देशून नव्हे, आपल्याशीच ती हळूच म्हणाली, "किती छान." एवढंच. हा आवाज मी पूर्वी ऐकलेला होता, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या घरात, नव्या खिडकीशी उभी राहून ती असं म्हणाली होती. त्यानंतर तो कुठे गेला होता मला ठाऊक नाही. मला एकीकडे खांबाची भीती वाटत होती आणि दुसरीकडे या आवाजाची जास्त वाटायला लागली, कारण तो जिथून येत होता तिथे मी नव्हतो.

दिवे लागल्यावर मी परत फिरण्याचा निर्णय जाहीर केला. हिने दालनाच्या दुसऱ्या टोकाला वर जाणारी वाट होती तिकडे एकदा बघितलं, आणि माझ्यापुढे चालायला लागली. भरभर चालली, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मी भेगेपाशी पोचलो तर ही बाजूला उभी, हात पदराखाली, आणि माझी काच मधोमध तडकून दोन तुकडे झालेली. तुम्हाला काचेचं महत्त्व कळणार नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर दाढ तपासायला जावं आणि जबडाच हातात यावा. डोंगर सरकत होता. माझ्या डोळ्यांदेखत, मी आत असताना. मी सगळ्यांना हात पसरून अडवलं आणि सांगितलं की कुणीही या छताखालून जाऊ नका. टॉर्चवाली बाई म्हणाली, "काका, ही वाट रोजची आहे," आणि त्या जोडप्याला घेऊन खुशाल भेगेखालून गेली. (जाताना निवृत्त गृहस्थांनी माझी काच फोटोत घेतली. कॅमेरा त्यांना मिळाला होता तर.) ते पलीकडे पोचले, उजेडात गेले, आणि डोंगर त्यांच्यावर पडला नाही, पण म्हणून पुढच्यावर पडणार नाही असं कुठे आहे. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. पुढे फुटलेली काच, मागे देवळाची वाट. तेव्हा ही अतिशय मवाळपणे म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. मग वरूनच जाऊ या." साडूभाऊ, तुम्हीही संसारी आहात. बायको इतक्या पटकन 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली तर माणसाने जागीच थांबून विचार करावा. मी केला नाही.

वर कसा आलो ते थोडक्यात सांगतो. दालनातले दिवे चालूच होते, त्यांच्या उजेडात पलीकडच्या वाटेला लागलो. गुहेतून बाहेर पडलं की उघड्या डोंगरकड्यावर पायऱ्या आहेत, एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला हवा. आतमध्ये वर बघायची भीती होती, बाहेर खाली बघायची. मी खडकाकडे तोंड करून आडवा आडवा चढलो, काही ठिकाणी बसून चढलो, एके ठिकाणी कसा चढलो ते हिला विचारू नका. ही माझ्या हवेच्या बाजूने चालत होती. मी तिला सांगत होतो आत ये, आत ये, आणि ती म्हणत होती, मी इकडे आहे म्हणजे तुम्हाला दरी दिसणार नाही. माथ्यावर एकदाचे पोचलो. देऊळ म्हणाल तर नुसते दगडावर दगड, ना चुना ना सिमेंट, एरवी मी त्याच्या शंभर हात जवळ गेलो नसतो. पण बाहेर चहूकडे आभाळच आभाळ, म्हणून आत शिरलो. आतले खांब मात्र मी एकेक करून वर हात घालून तपासले. छताला टेकलेले आहेत. त्यातल्या एकाशी मी पाठ लावून बसलो आणि दारातून ही दिसत होती, पार कठड्याच्या कडेला उभी, वाऱ्याने पदर उडतोय, आणि डोळे पुसत होती. मला वाटलं धूळ गेली असेल.

मग ती आत आली, माझ्या शेजारी बसली, बाटली पुढे केली आणि पाणी पीत असताना म्हणाली, काच मी फोडली. अंगठ्याने दाबली, कट्कन तुटली. मी पाणी पिता पिता ठसकलो. खरं सांगतो, मला असा संताप आला की क्षणभर भीतीसुद्धा गेली. आमच्या खात्यात तडा दाखवणारी काच जाणूनबुजून फोडणं यासारखं पाप नाही. तिच्या साक्षीवर माणसं बेघर होतात. मी तिला ते सगळं ऐकवलं, देवळात जितक्या आवाजात ऐकवता येतं तितक्या आवाजात. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्ही माझ्या सांगण्यावर कधी वर आला नसतात. काचेच्या सांगण्यावर आलात."  वर कडी म्हणजे या सगळ्यात मी देवळापर्यंत आलो हे धरायचं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं तर हसली फक्त.

तेव्हापासून आम्ही इथेच आहोत, देवळामागच्या उतारूंच्या खोलीत. ही आज सकाळी उठली, केस घट्ट बांधले, आणि म्हणाली, खालच्या गुहेत चलता? तिथे सरपटायचं आहे, छत पाठीला लागतं, असं त्या बाईने सांगितलं होतं. मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली. समजूत घातली नाही, टोमणा मारला नाही, मोज्यांच्या वेळी बोलली होती तितक्याच शांतपणे बरं म्हणाली आणि गेली. ऊन आता पलंगावरून भिंतीवर चढलंय. मी या खोलीचं छत तीनतीनदा तपासलं, ठोकून पाहिलं, उत्तम आहे, माझ्या हयातीत इतकं बिनधोक छत क्वचित पाहिलं असेल. आणि त्याच्याखाली बसून माझ्या काळजाचं पाणी होतंय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं, पण ब्रह्मराक्षस निदान आपल्या मागे लागतो हो, दुसऱ्याच्या मागे लागला की काय करायचं ते कुणी सांगत नाही.

असो. वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांगा; आपल्या घरात वडीलधारे आता आपणच उरलोय, तेव्हा तो तुम्हीच ठेवून घ्या. ताईंना आठवण.

तुमचा,
साडू

ता. क. पत्राचं खरं काम राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात तुम्ही त्या लांबलचक गुहेची सहल काढताय, आत मुक्काम करायचा ती. हिने तुमच्याकडे नाव दिलं असेल किंवा देईल. ते घालू नका. गाडी भरली म्हणा, वयाची अट आहे म्हणा, काही म्हणा. 'अजिबात दुखणार नाही' हे तुम्ही लोकांना उभा जन्म सांगत आलात, तुम्हाला एवढं जड जाऊ नये. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नका.

ता. क. दुसरी. ही आली. कपाळापासून पायापर्यंत चिखल, कोपर खरचटलेलं, बाकी धडधाकट. मी पाणी तापवून दिलं. कोपर धुताना तिने सांगितलं की सरपटून पलीकडे गेल्यावर एकदम मोठं दालन लागलं, तिने टॉर्च वर धरला आणि सवयीने म्हणाली, "अहो, हे छत बघा." गुहेने ते पुन्हा पुन्हा म्हटलं, अहो, अहो, अहो, लांबपर्यंत. टॉर्चवाली बाई हसली. हिला हसू आलं नाही म्हणे. साडूभाऊ, वरची ता. क. रद्द समजा. कागद दुसरा नाही, नाहीतर फाडलाच असता. हिचं नाव घाला आणि खाली माझंही घाला. धैर्य आलेलं नाही, गैरसमज नको. पण ती बरोबर असली की मला फक्त छताची भीती वाटते, आणि ती नसली की छत चांगलं असूनही सगळ्याचीच वाटते, त्यापेक्षा पहिली परवडली. हेल्मेट मोठ्या मापाचं बघा. मला तिच्या मागे ठेवा, पुढे नको. आम्ही आता खाली निघतोय, गुहेतूनच, पाकीट ही खालच्या पेटीत टाकेल.

भाऊजींना नमस्कार. ह्यांनी पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय आणि बाहेर बूट घालत बसलेत, तोवर लिहिते. पत्र वाचलं. दोघांची नावं मी घरून निघायच्या आधीच ताईकडे दिली आहेत, ती ताईला खोडू देऊ नका, आणि हे त्यांना एवढ्यात सांगूही नका, स्वतःहून ठरवलंय तर तसंच राहू दे. मला एकटीला जमत नाही असं नाही, आज जमलं. पण हे बरोबर असले की सारखे वर बघत असतात, त्यामुळे मला वर बघावं लागत नाही, बाकीचं सगळं निवांत बघता येतं. आज सकाळी एकटी होते, तर सारा वेळ छताकडेच बघत राहिले. गुहा मी पाहिलीच नाही.